रॅम टाकायची आहे? आधी ग्राफिक्स कार्ड काढा

एच८१ चिपसेटचे मदरबोर्ड (पीसीतला मुख्य सर्किट बोर्ड), म्हणजे इंटेलच्या चौथ्या पिढीचे पीसी, अजून कितीतरी घरांत आणि दुकानांत चालू आहेत. ४ जीबी रॅमवर ते रडतखडत चालतात. आणखी ८ जीबी टाकली की कामापुरते सुधारतात. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजीची वेगवान साठवण) नसेल तर मात्र आधी ती घ्या, रॅम नंतर.

या बोर्डवर रॅमचे स्लॉट दोनच आणि मर्यादा १६ जीबी. रॅम डीडीआर३ हवी: २४० पिना, १.५ व्होल्ट. १.३५ व्होल्टची डीडीआर३एलही चालते. डीडीआर४ बसणारच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. स्वस्त ८ जीबीच्या रॅमच्या काही काड्यांवर (स्टिकवर) ‘फॉर एएमडी ओन्ली’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्या इंटेल बोर्डवर चालत नाहीत. दुकानात स्टिकर वाचूनच पैसे द्या. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम वाया जाते, हेही आधीच तपासा.

आता कार्डाचं. छोट्या बोर्डवर लांब ग्राफिक्स कार्ड रॅमच्या खालच्या खटक्याला (काडी धरून ठेवणाऱ्या कडीला) अडवतं. खटका अर्धवटच उघडतो, काडी तिरकी बसते, पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी. ‘नवीन रॅम खराब निघाली’ या तक्रारींमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

पीसी बंद करून पॉवर केबल उपटा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) उघड्या पत्र्याला हात लावा, मगच आत हात घाला. कोरड्या हवेत स्थिर विजेचा धोका जास्त. मॉनिटरची केबल आणि, असेल तर, ६ पिनांची पॉवर केबल काढा. मागच्या पट्टीचा स्क्रू सोडवा. स्लॉटच्या टोकाचा खटका दाबून धरला की कार्ड दोन्ही टोकांनी सरळ वर उचला. इथेच घोळ होतो: खटका न दाबता ओढलं तर स्लॉटच तुटतो. कार्ड डावी-उजवीकडे हलवू नका.

कार्ड निघालंच आहे तर सीआर२०३२ सेलही (तारीख-वेळ टिकवणारा बोर्डवरचा नाण्यासारखा सेल) बदला. अनेक बोर्डांवर तो नेमका कार्डाखाली दडलेला असतो, आणि दहा वर्षांचा सेल कधीही दगा देतो. तारीख-वेळ मग पुन्हा लावावी लागते.

रॅमचे दोन्ही खटके पूर्ण उघडा, खाच जुळवा आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन टोकांवर सारखा दाब द्या. बऱ्यापैकी जोर लागतो. खटके आपोआप मिटले आणि ‘टक्’ आवाज आला तरच बसली म्हणा. बोटाने खटका ढकलून मिटवला तर बसली नाही असंच समजा. किनारपट्टीच्या दमट हवेत जुन्या काडीच्या पिनांवर थर चढतो. खोडरबराने घासण्याची आपली सवय जाते कुठे, पण सोनेरी मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरं.

४ आणि ८ जीबी एकत्र लावल्या तर पहिले ८ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये (दोन्ही काड्यांतून एकाच वेळी, म्हणून वेगाने) चालतात, उरलेले ४ सिंगलमध्ये. वेग जिचा कमी, तिच्याच चालीने दोघी चालतात.

स्क्रीन आली नाही तर एकेक काडी आलटून पालटून लावून बघा. आली तर टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’ उघडून १२ जीबी दिसतात का पाहा, आणि रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवा. एक जरी एरर आली तरी काडी परत करा. कार्ड कायमचंच काढलं असेल तर मॉनिटर बोर्डच्या पोर्टला जोडा आणि मागच्या उघड्या फटीवर पत्र्याची पट्टी लावा. नाहीतर तिथून आधी झुरळं शिरतात, मागोमाग पाल.