परसातली अळंबी, वर्ष तिसरं: शेवटी ताटात काहीतरी

दोन वर्षं नुसते फोटो काढले. या वर्षी पहिल्यांदा खाल्ली, तीही मोजून चार.

कंपोस्टच्या ढिगाशेजारी माती उकरलेली होती, तिथे पावसानंतर पांढरे दंडगोल उभे राहिले. शॅगी इंककॅप, म्हणजे कोप्रायनस कोमॅटस. टोपी मिटलेली, अंगावर सुटलेल्या सालीसारखे खवले, देठावर वरखाली सरकणारं सैल कडं. एक उभी चिरली. देठ पोकळ, आणि पोकळीत कापसाच्या वातीसारखा बारीक तंतू. पुस्तकात वाचलेला तो तंतू प्रत्यक्ष दिसला तेव्हा एकटाच हसलो.

ती पहिली खेप मात्र खाल्ली नाही. स्पोअर प्रिंट, म्हणजे टोपी कागदावर पालथी ठेवून मिळणारा बीजाणूंचा ठसा, हवा होता, आणि कोवळ्या टोपीचा ठसा उमटत नाही. म्हणून पिकू दिली. ही अळंबी स्वतःलाच पचवते: गिल्स (टोपीखालच्या पातळ पात्या) कडेपासून आधी गुलाबी, मग काळ्या, आणि बघता बघता सगळ्याची शाई. कागदावर काळा ठसा मिळाला, टेबलावर डागही (तो अजून गेलेला नाही).

आठवड्याने त्याच जागी दुसरी खेप आली. गिल्स पांढऱ्याशुभ्र असलेल्या चारच खायला घेतल्या आणि तोडल्यावर तासाभरात तव्यावर टाकल्या. ही फ्रीजमध्येही टिकत नाही. पाणी इतकं सुटलं की वाटलं, सगळी विरघळली. पाणी आटू द्या, मग मीठ. चव सौम्य, पोत रेशमी. बटण मशरूमपेक्षा मला जास्त आवडली.

हिची बहीण कॉमन इंककॅप, कोप्रिनॉप्सिस ॲट्रामेंटारिया, राखाडी आणि खवल्यांशिवाय जवळपास गुळगुळीत असते. तिच्यात कोप्रिन नावाचं द्रव्य असतं. ती खाल्ल्यावर काही दिवसांपर्यंत मद्य घेतलं तर चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या. माझ्याकडे ती अजून उगवलेली नाही.

हिरवळीवरची मोठी, देखणी छत्री मात्र दरवर्षी येते. पहिल्या वर्षी तिला पॅरासोल, म्हणजे छत्रीसारखीच पण खाण्याजोगी अळंबी, समजून तवा तापवला होता. गिल्स पांढऱ्या होत्या, म्हणून निर्धास्त होतो. सुदैवाने एक टोपी कागदावर पालथी ठेवली होती, आणि सकाळी ठसा उमटला हिरवट. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस! जीव सहसा जात नाही, पण पोटाचे हाल होतात. तेव्हापासून ठशाशिवाय तवा नाही.

इंककॅपही पहिल्यांदा खाताना थोडीच खाल्ली, आणखी एक कच्ची ओळखीसाठी बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली. डेथ कॅपसारख्या प्राणघातक ॲमॅनिटा अळंबीच्या विषबाधेची लक्षणं सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. शिजवूनही ते विष जात नाही.

काल झुडपाखाली पांढरा गोळा सापडला. पफबॉल (गोळ्यासारखी, खाण्याजोगी अळंबी) म्हणून आनंदाने मधोमध कापला, तर आत छोट्या छत्रीची आकृती. पफबॉल आतून एकसंध पांढरा हवा. हा अजून अंड्यासारख्या वेष्टनात असलेला कोवळा ॲमॅनिटा असणार. सुरी धुतली, हात धुतले. इंककॅपच्या जागेवर पालापाचोळा पसरलाय. तिसरी खेप आली तर कळवतो.