पहिल्या हप्त्याआधीचे पाच आठवडे

आज सायंकाळी लंडनमध्ये एका धोरण-अभ्यास संस्थेच्या संचालकांचे ब्रिटनच्या कल्याणकारी योजनांवरील भाषण ऐकले. काम करणाऱ्याच्या पदरात नेहमी जास्त पडावे, हे युनिव्हर्सल क्रेडिट या योजनेमागचे (बेरोजगार आणि कमी कमाईच्या लोकांना दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत) सूत्र त्यांनी नेमके मांडले. हुजूर पक्षाचे नेते इयान डंकन स्मिथ यांनी २००४ साली स्थापन केलेल्या सेंटर फॉर सोशल जस्टिस या अभ्यास संस्थेत आकाराला आलेली ही कल्पना २०१२ च्या कायद्यात उतरली आणि कमाईच्या दर पौंडामागे (१०० पेन्स) मदतीतून सुरुवातीला ६५ पेन्स होणारी कपात २०२१ पासून ५५ वर आली.

पहिला हप्ता हाती पडायला मात्र साधारण पाच आठवडे लागतात, आणि मधल्या काळात मिळणारी आगाऊ रक्कम पुढच्या हप्त्यांतून वळती होते, म्हणजे सुरुवातच उसनवारीने. गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या फूड बँकेत काम करणाऱ्या एका बाईंनी नेमके यावरच बोट ठेवले. तिथे येणारे लोक वीज वाचावी म्हणून न शिजवता खाता येतील असेच डबाबंद पदार्थ मागतात, असे त्या म्हणाल्या. पगारही महिनाअखेरीसच होतो, असे संचालकांचे (माणूस सज्जन, यात वाद नाही) उत्तर होते. मला ते पटले नाही, कारण ज्यांचा पगार आठवड्याला होत होता आणि ज्यांना भाडेही आठवड्यालाच भरावे लागते, त्यांना हा हिशेब लागूच पडत नाही.