नववीतल्या मुलीसाठी लॅपटॉप निवडताना

मुलगी नववीत गेली तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र संगणक घ्यायचे ठरले आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो कोणत्या कंपनीचा घ्यायचा हा. तो प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवला आणि आठवडाभर ती काय काय करते ते नुसते पाहिले. एका संध्याकाळी ती इतिहासाचा प्रकल्प मोबाइलवर लिहीत होती. अंगठ्यांनी लिहिण्याचा तिचा वेग चांगला होता. पण तिसऱ्या परिच्छेदातले एक वाक्य पहिल्या परिच्छेदात न्यायचे म्हटल्यावर, बोट दाबून मजकूर निवडताना दर वेळी एखादे अक्षर मागे राहत होते, आणि चौथ्या प्रयत्नानंतर तिने ते वाक्य होते तिथेच राहू दिले. या वयात मुले लिहिलेले पुन्हा वाचून बदलायला शिकत असतात, आणि ते बदलणेच जिकिरीचे झाले की पहिला खर्डाच शेवटचा ठरतो. त्यामुळे कीबोर्डला मी सर्वांत जास्त महत्त्व दिले.

टॅब्लेटचा विचार आम्ही केला नाही असे नाही. चित्रे काढणाऱ्या किंवा गणिते हातानेच सोडवणाऱ्या मुलासाठी पेनसह टॅब्लेट खरोखर उत्तम आहे. आमच्या मुलीचे काम मात्र एका खिडकीत संदर्भ आणि दुसऱ्या खिडकीत लेखन असे चालते. क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलची क्रोमओएस प्रणाली असलेला लॅपटॉपही तिला चालला असता, कारण प्रोग्रॅमिंग शिकण्याचे स्क्रॅच आणि गणिताचे जिओजेब्रा ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालतात; परंतु व्हिडिओ संपादनाची तिला आवड आहे आणि त्यासाठीचे तिच्या पसंतीचे सॉफ्टवेअर तिथे चालत नव्हते. क्रोमबुक घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. 2021 पासून बाजारात आलेल्या मॉडेलना दहा वर्षे अपडेट देण्याचे गूगलने 2023 मध्ये जाहीर केले आहे, पण ही दहा वर्षे आपल्या खरेदीच्या दिवसापासून मोजली जात नाहीत, ती त्या मॉडेलची मूळ रचना बाजारात आल्यापासून मोजली जातात.

मेमरी आणि साठवण या बाबतीत मी आधी एक चूक केली होती. भाच्यासाठी मीच सुचवलेल्या लॅपटॉपमध्ये 4 जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि 64 जीबी ईएमएमसी (स्वस्त लॅपटॉपमध्ये असणारी, तुलनेने संथ) साठवण होती. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज नेमकी एवढीच आहे, म्हणून ती पुरेल असे मला वाटले. प्रत्यक्षात विंडोज आणि दोन-तीन सॉफ्टवेअर बसल्यावर फारशी जागा उरली नाही. प्रत्येक मोठ्या अपडेटच्या वेळी ‘पुरेशी जागा नाही’ असा संदेश येई आणि तो बिचारा आपले फोटो आणि जुने प्रकल्प पुसत बसे. रॅम आणि साठवण दोन्ही मदरबोर्डला झाळलेली असल्यामुळे वाढवण्याची सोयही नव्हती. तेव्हापासून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की किमान मर्यादेवर असलेले यंत्र घेऊ नका. 256 जीबी एसएसडी, म्हणजे ईएमएमसीपेक्षा वेगवान साठवण, हवीच. रॅम नंतर वाढवता येत असेल तर 8 जीबीने सुरुवात करायला हरकत नाही, आणि झाळलेली असेल तर पहिल्याच दिवशी 16 जीबी घ्यावी.

प्रोसेसरवर दुकानात जितकी चर्चा होते तितकी शाळेच्या कामासाठी करण्याची गरज नाही. मधल्या श्रेणीचा पुरतो. पडदा 1920 बाय 1080 पिक्सेलचा असावा, कारण 1366 बाय 768 च्या पडद्यावर एका वेळी फार थोड्या ओळी दिसतात. वजन मोजताना चार्जरचेही धरावे, कारण तोही रोज दप्तरातच जाणार असतो.

दुकानात जाताना मुलीला बरोबर नेले आणि प्रत्येक लॅपटॉपवर दहा मिनिटे मराठी व इंग्रजी मजकूर लिहायला सांगितले. मराठीसाठी ती इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरते, ज्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. एका देखण्या, अतिशय पातळ लॅपटॉपवर तिची बोटे सारखी अडखळली. त्याच्या बाणांच्या कळा अर्ध्या आकाराच्या होत्या आणि मजकूर दुरुस्त करताना तिला त्याच सर्वांत जास्त लागतात. तिने तो स्वतःहून बाजूला सरकवला. मी एकटा गेलो असतो तर बहुधा तोच घेऊन आलो असतो.

शेवटी कार्यालयात वापरलेला, नूतनीकरण केलेला एक जाड लॅपटॉप तिला आवडला. विंडोज 10 ला मिळणारी नियमित अपडेटची मदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली असल्यामुळे तो विंडोज 11 साठी अधिकृतपणे पात्र आहे का, म्हणजे त्याचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे का आणि त्यात टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आहे का, हे आधी तपासले. मग विंडोजमधला बॅटरीचा अहवाल काढला. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर मिळणारी क्षमता शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींत बरीच तफावत होती, पण बॅटरी स्क्रूने बसवलेली असल्यामुळे ती बदलून घेता आली. रॅमची एक खाच सध्या रिकामी आहे. व्हिडिओचे काम वाढले की ती भरायची असे आमचे ठरले आहे.