फूलबागेतली समाधी: झाशीहून ग्वाल्हेरला जाणाऱ्यांसाठी

जूनमध्ये ग्वाल्हेरला जायचं म्हटल्यावर घरात सगळ्यांनी मोडता घातला. तरी मी आणि माझी आत्या गेलोच. झाशीच्या राणीचा शेवटचा प्रवास याच उन्हातला. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री तिने झाशी सोडली, मग कोंच, काल्पी आणि जूनच्या सुरुवातीला ग्वाल्हेर. कोंचच्या लढाईत खुद्द इंग्रज सेनापती ह्यू रोझला ऊन लागलं होतं, त्याचे कितीतरी सैनिक उष्माघाताने गेले. हे वाचलेलं होतं, पण झाशीच्या फलाटावर उतरल्यावर जी झळ तोंडावर आली तेव्हा ते खरं कळलं. तुम्ही मात्र शक्यतो नोव्हेंबर नाहीतर फेब्रुवारीत जा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. १८ जूनच्या सुमारास ग्वाल्हेरच्या फूलबागेत राणीच्या समाधीपाशी बलिदान मेळा भरतो; तोच पाहायचा असेल तर टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि ओआरएसची पाकिटं घेऊनच निघा.

पुण्याहून झेलम आणि गोवा एक्सप्रेस, मुंबईहून पंजाब मेल. तिन्ही गाड्या झाशीलाही थांबतात आणि ग्वाल्हेरलाही. झाशी स्टेशनचं नाव आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ आहे, आरक्षण करताना ते लक्षात ठेवा. आम्ही आधी झाशीला उतरून किल्ला आणि राणीमहाल पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पुढे गेलो. हाच क्रम ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. दोन्ही शहरांत जेमतेम शंभर किलोमीटर अंतर, रेल्वेने दीड तासाच्या आत पोचता. वाटेत दतियाचा राजवाडा आणि सोनागिरीची पांढरी जैन मंदिरं दिसतात, म्हणून खिडकी सोडू नका.

ग्वाल्हेरला आमची पहिली सकाळ वाया गेली. रिक्षावाल्या दादांना “लक्ष्मीबाई” एवढंच सांगितलं आणि त्यांनी आम्हाला एका कॉलेजच्या फाटकाशी नेऊन सोडलं. या गावात कॉलेज, वसाहत, रस्ता, शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था, सगळ्यांना तिचंच नाव आहे. “फूलबाग, रानी की समाधि” असं म्हणा. स्टेशनपासून ते फार लांब नाही.

लांबून आधी दिसतो तो पुतळा. उंच चौथऱ्यावर उधळलेला घोडा आणि उगारलेली तलवार. पुतळा सुमारे आठ मीटर उंच आहे, त्यामुळे अगदी पायथ्याशी उभं राहिलं की घोड्याचं पोट आणि खूरच दिसतात. वीस-पंचवीस पावलं मागे या, मग संपूर्ण आकृती नजरेत मावते. एक गृहस्थ आपल्या नातवंडांना सांगत होते, घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असले की समजायचं स्वार रणात पडला. हे आपल्याकडेही सर्रास सांगितलं जातं, पण असा काही नियम नाही. सेंट पीटर्सबर्गला पीटर द ग्रेटचा घोडाही असाच दोन पायांवर उभा आहे आणि पीटर आजारपणात गेला. लक्ष्मीबाई रणात पडली हे सांगायला घोड्याच्या पायांची गरज नाही.

माणसं येतात, पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि निघून जातात. याचं मला फार वाईट वाटलं. ज्या जागेसाठी यायचं ती समाधी. तो साधा चौथरा आहे. आम्ही पोचलो तेव्हा त्यावर झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या आणि एक खारूताई त्यांच्यामधून पळत होती. आत्याने चपला काढल्या आणि फरशी इतकी तापलेली की लगेच पाय उचलला. तरी ती अनवाणीच पुढे गेली. उन्हाळ्यात सोबत मोजे ठेवा, किंवा सकाळी लवकर या. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा लवकर गेलो, तेव्हा निवांत बसता आलं.

१७ जून १८५८ ला ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे इंग्रजांच्या आठव्या हुसार्स घोडदळाने राणीच्या फौजेवर चढाई केली. इंग्रजी कागदांत राणीच्या मृत्यूची तारीख तीच, आपल्याकडे पुण्यतिथी १८ ला पाळतात. त्या एका चढाईसाठी हुसार्सच्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. समोरून किती कडवा प्रतिकार झाला असेल याचा अंदाज मला यावरून आला. तिचं वय काय होतं? जन्मसाल कोणी १८२८ धरतात, कोणी १८३५. म्हणजे तिशीच्या आतबाहेर, नाहीतर तेविशीच्या.

तिचा नवा घोडा ओढ्याशी अडला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली. तो ओढा म्हणजे स्वर्णरेखा, असं इथले लोक सांगतात. आज तो काँक्रीटच्या भिंतींमध्ये कोंडलेला, वास मारणारा नाला आहे. आत्या कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत होती. “एवढासा?” एवढंच म्हणाली. मला काही बोलता आलं नाही. शहराने हा नाला स्वच्छ करून काठावर एक साधी पाटी जरी लावली, तरी समाधीला येणाऱ्या प्रत्येक मुलाला इथे काय घडलं ते कळेल.

जवळच गंगादासजींची बडी शाला, म्हणजे साधूंचा मठ, आहे. बरेच प्रवासी ती चुकवतात, तुम्ही चुकवू नका. जखमी राणीला इथल्या साधूंनी आसरा दिला, तिचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून घाईने अग्नी दिला आणि तोवर बाहेर झुंज दिली. मठाच्या परंपरेप्रमाणे त्यात ७४५ साधू पडले. साधूंची जुनी शस्त्रं मठात जपलेली आहेत आणि दसऱ्याला त्यांची पूजा होते. हा राहता मठ आहे, संग्रहालय नव्हे. आत गेल्यावर आधी तिथल्या महाराजांना नमस्कार करून विचारा, मगच फोटो काढा. आम्हाला त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि कुठून आलात विचारलं. पुण्याहून म्हटल्यावर म्हणाले, “मायके से आई हो।” राणीचा जन्म काशीचा, पण तांब्यांची ही लेक त्यांच्या लेखी आपल्या मुलखाची.

जयविलास राजवाडा आठवड्यातून एक दिवस बंद असतो, कोणत्या ते आधी विचारून घ्या; गुजरी महालातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. त्याप्रमाणे दिवस ठरवा. किल्ल्याला अर्धा दिवस द्या आणि ऊन उतरल्यावर चढा. गुडघे दुखत असतील तर उरवाई दरवाज्याच्या बाजूने गाडी वरपर्यंत जाते. राणी पडल्यावर तीन दिवसांनी, २० जूनला, इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि पुढे कित्येक वर्षं स्वतःकडे ठेवला. १८८६ मध्ये तो शिंद्यांना परत केला, आणि बदल्यात घेतली झाशी. मी हे तटावर उभी राहून आत्याला सांगितलं. तिने एकदा झाशीच्या दिशेला पाहिलं, मग खाली शहराच्या गर्दीत फूलबागेची झाडी शोधायला लागली. मला सापडेना. तिला आधी सापडली.