नाशिकला पोहोचून गळणारा तीनचा आकडा

फ्रेम रिलेवरून (दोन ठिकाणे जोडणाऱ्या जुन्या प्रकारच्या डेटा जोडणीवरून) फोनचा आवाज नेण्याचे काम आता जवळजवळ इतिहासजमा झाले आहे. पण डायल पीअरचे (कोणता नंबर कोठे पाठवायचा हे राउटरला सांगणाऱ्या नोंदींचे) नियम मी त्या कामात ज्या चुका करून शिकलो, त्याच चुका आज आयपीवर (इंटरनेटच्या पद्धतीच्या जाळ्यावर) व्हॉइस गेटवे, म्हणजे फोन आणि जाळे जोडणारी उपकरणे, बसवणारेही करतात, म्हणून ही नोंद.

पुण्याचे कार्यालय आणि नाशिकचा कारखाना यांच्यामध्ये ६४ केबीपीएसची फ्रेम रिले जोडणी होती. दोन्हीकडे सिस्कोचा राउटर आणि त्यामागे ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातले अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज. पुण्याची एक्स्टेंशन २०० पासून पुढे, नाशिकची ३०० पासून पुढे. पुण्याच्या राउटरवर मी व्हीओएफआर (व्हॉइस ओव्हर फ्रेम रिले) प्रकारचा डायल पीअर लिहिला, त्याचा डेस्टिनेशन पॅटर्न, म्हणजे जुळवायच्या नंबरचा नमुना, ‘३..’ असा ठेवला (प्रत्येक टिंब म्हणजे कोणताही एक आकडा) आणि सेशन टार्गेट (कॉल कोठे पाठवायचा ते) म्हणून सिरियल पोर्ट व त्यावरचा डीएलसीआय, म्हणजे फ्रेम रिलेवरच्या वाटेचा क्रमांक, दिला. आयपीवर या जागी पलीकडच्या राउटरचा पत्ता लिहितात; येथे कॉल थेट त्या पीव्हीसीवर (दोन राउटरांमधल्या कायमच्या आभासी वाटेवर) जातो. नाशिकला त्याच पॅटर्नचा पॉट्स पीअर (राउटरला जोडलेल्या साध्या टेलिफोन लाइनकडे कॉल देणारा) लिहून त्यात ईपीएबीएक्सला जोडलेला ई अँड एम प्रकारचा टेलिफोन पोर्ट दिला.

पुण्याहून ३४५ फिरवला, तर नाशिकला कोणाचाच फोन वाजेना. डीबग (राउटर काय करतो ते दाखवणारी नोंद) लावल्यावर दिसले, की नाशिकच्या राउटरपर्यंत ३४५ पूर्ण येत होता, पण ईपीएबीएक्सला मात्र ४५ एवढेच मिळत होते. पॉट्स पीअर पॅटर्नमध्ये जे आकडे स्पष्ट लिहिलेले असतात ते जुळवून झाल्यावर गाळतो आणि टिंबांच्या जागी आलेले तेवढे पुढे पाठवतो. व्हीओएफआर पीअर असे काही गाळत नाही, त्यामुळे पुण्याच्या बाजूला सगळे ठीक दिसत होते. पॉट्स पीअरमध्ये ‘प्रिफिक्स ३’ (पाठवताना आधी ३ लाव) ही एक ओळ घातली आणि ३४५ वाजला. ‘फॉरवर्ड-डिजिट्स ऑल’ (सगळे आकडे पुढे पाठव) लिहूनही तेच साधते, आणि आता मी तेच लिहितो, कारण पुढे पॅटर्न बदलला तर प्रिफिक्स बदलायचे हमखास राहून जाते.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. कारखान्याच्या गेटवरच्या केबिनला लक्षात राहील असा छोटा नंबर हवा, अशी मागणी आली, म्हणून मी दोन्हीकडे ‘३१’ चे वेगळे पीअर लिहिले. दुसऱ्या दिवसापासून पुण्याहून स्टोअरचा ३१२ फिरवणाऱ्या प्रत्येकाला वॉचमनच ‘हॅलो’ म्हणू लागला. जास्त आकडे जुळणारा पीअर जिंकतो, या नियमावर मी विसंबलो होतो. पण तो नियम पूर्ण नंबर हाती आल्यावर लागू होतो. आकडे एकेक करून येत असतात तेव्हा जो पीअर आधी पूर्ण जुळतो त्यालाच कॉल मिळतो, आणि ‘३१’ जुळल्यावर राउटर तिसऱ्या आकड्यासाठी थांबतच नाही. पॅटर्न ‘३१टी’ केला असता (टी म्हणजे आणखी आकडे येतात का याची वाट पाहा) तर तो थांबला असता, पण मग केबिनला फोन करणाऱ्याला हॅश दाबावे लागले असते किंवा दहा सेकंद शांतता ऐकत बसावे लागले असते.

शेवटी केबिनला ३९९ दिला. पुण्याच्या राउटरवर त्यासाठी नवी ओळ लागलीच नाही, कारण तो ‘३..’ मध्येच बसतो. नाशिकला नंबर पूर्ण पोहोचत असल्याने तेथे ‘३९९’ चा पीअर ‘३..’ ला मागे टाकतो, तिन्ही आकडे गाळले जातात, आणि एफएक्सएस पोर्टला (ज्याला साधा फोन थेट जोडतात त्या पोर्टला) पुढे काही फिरवायचे नसल्याने तो केबिनमधला फोन फक्त वाजवतो.