आमची वाटचाल : दिवसभर पुरणारी डबी

दापोलीत आमचं काम मुळात पंपांचे स्टार्टर आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं. २०१७ साली इन्व्हर्टर न्यायला आलेले एक बागायतदार काका म्हणाले, "अरे, कुठल्या कलमाला किती कैरी धरली, कुठल्यावर फवारणी राहिली, हे झाडागणिक कळेल असं काहीतरी करून दे की." आमच्या धंद्याची दिशा त्या दिवशी बदलली.

मोबाइलच्या जीपीएसवर भागेल असं आधी वाटलं होतं. हापूसची जुनी कलमं साधारण १० मीटर अंतरावर लावलेली असतात. दाट फांद्यांखाली, त्यात उतारावर, जीपीएस ५ ते १० मीटर सहज सरकतो आणि एका कलमाची नोंद शेजारच्याच्या खात्यावर जाते. म्हणून गड्याच्या छातीवर अडकवायची एक डबी केली. तिच्यात एक कॅमेरा आणि हालचाल टिपणारा सेन्सर. सालीवरच्या भेगा, गडग्याचे दगड, अशा ठळक खुणा कॅमेरा धरून ठेवतो आणि एका चित्रातून दुसऱ्या चित्रात त्या किती सरकल्या ते बघतो. सेन्सर त्वरण, म्हणजे वेगातला बदल, आणि वळण सांगतो. दोन्हींचा मेळ घातला की माणूस कुठून कुठे गेला ते निघतं.

जागा बरोबर यायला लागली, पण सकाळी ७ला बागेत गेलेली डबी साडेनऊला बंद पडायची. ५००० एमएएचची पॉवर बँक आणि ६ वॉटचा खप, दुसरं काय होणार? मोठी बॅटरी लावली तर वजन वाढलं, आणि गडी डबी झाडाखाली ठेवून कामाला लागायचे. त्यांचं चुकत नव्हतं. एप्रिलच्या उकाड्यात छातीवर गरम विटेसारखं ओझं कोण बाळगेल?

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडातल्या बागा आडव्या झाल्या. पंचनाम्यासाठी पडलेली कलमं मोजायची होती. आमच्याकडे काही बागांच्या झाडागणिक जुन्या नोंदी होत्या, म्हणजे डबीचा खरा उपयोग तेव्हाच होता. लाईट मात्र कित्येक दिवस नव्हती. जीपच्या बॅटरीवर चार्ज करून अडीच-अडीच तास मोजणी केली. ज्यांनी ३०-३० वर्षं ती कलमं वाढवली, ते काका पडलेल्या प्रत्येक खोडाला हात लावत पुढे चालत होते, आणि निम्म्या बागेत आमची डबी बंद पडली. त्या संध्याकाळी ठरवलं, आता जास्तीची बॅटरी नाही. खपच उतरवायचा.

वीज नेमकी कुठे जाते ते आम्ही एकेक भाग मोजून पाहिलं. कॅमेऱ्याचा आमचा संशय खोटा ठरला. तो स्वतः फार खात नाही. प्रत्येक चित्रात खुणा शोधायला प्रोसेसर जो राबतो, तो खरा खप. सेकंदाला ३० चित्रं होती, ती १०वर आणली. चित्र काळं-पांढरं आणि लहान केलं, २००च्या जागी ६० खुणा ठेवल्या. वाट पुन्हा जुन्या जागी आली की सगळा नकाशा सरळ करायचा जड हिशोब डबीतून काढून रात्री ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाकला.

सगळ्यात मोठी बचत मात्र गड्याच्या चालण्यातून सापडली. बागेतला माणूस दिवसातला बराच वेळ उभा असतो. कैऱ्या मोजतो, मोबाइलवर लिहितो. तेवढा वेळ कॅमेरा बंद ठेवायचा आणि काही मिलिवॉटवर चालणारा सेन्सर राखणीला बसवायचा. माणूस स्थिर आहे असं कळलं की वेग शून्य धरायचा; त्याने साठत गेलेली चूकही तिथेच थांबते. वीजही वाचली आणि नकाशाही सुधारला.

यातही आम्ही ठेचकाळलो. नूतन झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे उतरवणारा माणूस जागचा हलत नाही, पण अंग सारखं हलतं. सेन्सरला वाटायचं तो चालतोय. उलट, कोणी खरंच चालत असताना कॅमेरा जास्त वेळ मिटला तर फार महागात पडतं. त्वरणात ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच चूक असली, तरी १० सेकंदांत अर्धा मीटर आणि एका मिनिटात १८ मीटर फरक पडतो. म्हणजे जवळजवळ दोन कलमं पलीकडे! म्हणून चालताना कॅमेरा मिटायचा नाही, हा आमचा नियम.

वेळेच्या शिक्क्यानेही छळलं. प्रोसेसर झोपेतून जागा होताना चित्रावर थोडी उशिराची वेळ पडायची आणि सरळ रांगेतली कलमं नकाशावर कमानीसारखी वाकायची. त्याच सुमारास नासाच्या मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरबद्दल वाचलं. २२ मे २०२१च्या सहाव्या उड्डाणात कॅमेऱ्याचं एक चित्र गहाळ झालं, पुढच्या चित्रांवर चुकीच्या वेळा पडल्या आणि ते हवेत डोलायला लागलं. वाचून धीर आला. आता आमच्या डबीत वेळेचं घड्याळ सेन्सरच्या बाजूला असतं आणि ते कधीच झोपत नाही.

आज सरासरी खप १.४ वॉट आहे. पॉवर बँक तीच, ५००० एमएएचची, आणि ती ७ ते ५ पुरते. अमेरिकेत एमआयटीमधल्या मंडळींनी २०१८ साली याच कामासाठी अवघ्या २ मिलिवॉटवर चालणारी चिप करून दाखवली, म्हणजे अजून खूप जागा आहे.

सध्या अडलंय ते वाऱ्याशी. खाडीवरून वारा सुटला की पानं हलतात, कॅमेरा पानांनाच खुणा समजतो, आणि चुकीच्या खुणा गाळण्यात वाचवलेली वीज परत जाते. खुणा फक्त खोडाच्या उंचीपर्यंतच घ्यायच्या, असा एक बदल केलाय. पुढच्या आठवड्यात तो हर्णैच्या बाजूच्या एका बागेत, दुपारचा वारा असताना तपासणार आहोत.