नसलेल्या तीन दरवाज्यांची वाट : १ मेला फोर्टमधून एकटीने

मुंबईचा फोर्ट भाग मी आजवर फक्त कामाच्या दिवशीच पाहिला होता. म्हणजे खरं तर पाहिलाच नव्हता. लोकलमधून उतरायचं, गर्दी नेईल तिकडे जायचं, काम उरकायचं आणि परतायचं. यंदा महाराष्ट्र दिनाला एकटीच निघाले. ठरवलं होतं ते एवढंच : ज्या किल्ल्यामुळे या भागाला फोर्ट म्हणतात, त्याच्या तीन दरवाज्यांच्या जागा पायी गाठायच्या. उत्तरेला बझारगेट, पश्चिमेला चर्चगेट आणि दक्षिणेला अपोलो गेट. तट आणि दरवाजे १८६० च्या दशकात पाडले गेले, नावं मात्र लोकांच्या तोंडी राहिली.

सकाळी सातला सीएसएमटीला उतरले. बझारगेट याच बाजूला होतं. महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर, स्टेशनकडे तोंड करून उभी राहिले. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, हे मला वाचून माहीत होतं. ते दोन्ही शांतपणे बघायला मात्र सुट्टीच उजाडावी लागली. फोटोसाठी येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. स्टेशनची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी ऊन इमारतीच्या मागून येतं आणि दगडावरची नक्षी काळवंडते. नक्षी उजळते ती दुपारनंतर.

तिथून दादाभाई नौरोजी रोडने दक्षिणेकडे निघाले. अख्ख्या फेरीत सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला. दोन्ही बाजूंना इमारतींखालून सलग कमानींची वाट आहे. एरवी फेरीवाले आणि गर्दी यांत इथले खांब दिसतसुद्धा नाहीत. आज शटर खाली होती आणि कमानीमागून कमान दूरवर दिसत होती. प्रत्येक इमारतीचा दगड वेगळा, खांबांच्या माथ्यावरची पानं वेगळी, आणि तरी सावलीची वाट कुठे तुटत नाही. मी मान वर करून उभी होते, तेव्हा एका बंद दुकानाबाहेर बसलेले रखवालदार उठून आले. "ताई, पत्ता शोधताय का?" म्हटलं, "नाही काका, खांब बघतेय." त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली आणि तिच्यामागे झाकलेला खांबाचा खालचा भाग दाखवला. तिथलीही नक्षी शाबूत होती. सोबत कुणी असतं तर "चल पुढे" म्हटलं असतं. एकटं फिरण्यातली ही मोकळीक मला फार मोलाची वाटते.

हुतात्मा चौकात पोचले तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. १ मेच्या सकाळी मुख्यमंत्री इथे अभिवादनाला येतात, तेव्हा चौकात बंदोबस्त असतो आणि वाट अडवलेली असू शकते. त्यामुळे जरा उशिराच पोचा. मी गेले तेव्हा स्मारकापाशी ताजी फुलं होती. एक आजोबा नातवाला मशाल धरलेले दोघे दाखवत सांगत होते, "हा शेतकरी, हा कामगार." २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर याच भागात गोळीबार झाला. मी तिथे बराच वेळ थांबले. शेजारी १८६४ चं फ्लोरा फाउंटन आहे, आणि जुनं चर्चगेट होतं ते याच जागी.

त्या नावातलं चर्च स्टेशनजवळ नाही. वीर नरिमन रोडने पूर्वेला वळलं की थोड्याच अंतरावर सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं. १७१८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं, आणि शहराचे मैलाचे दगड इथूनच मोजले गेले. दरवाज्याला या चर्चचं नाव मिळालं आणि दरवाज्याचं नाव पुढे स्टेशनला. पुढे हॉर्निमन सर्कल. तिथे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून पाणी प्यायले. ग्रंथालय सुट्टीला बंद असतं, त्यामुळे आतून बघायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

शहीद भगतसिंग रोडने लायन गेटकडे जाताना कॅमेरा पिशवीत ठेवा, नौदलाचा परिसर आहे. अपोलो गेट याच बाजूला होतं. आज तिथे थांबून बघण्यासारखं फारसं नाही. गेटवे मी मुद्दाम टाळला, कारण सुट्टीच्या दिवशी सगळी गर्दी तिकडे लोटते. तो बघायचाच असेल तर फेरीची सुरुवात तिथून, अगदी पहाटे करा. काळा घोडा भागातली संग्रहालयं आणि दालनं राष्ट्रीय सुट्ट्यांना बंद असू शकतात, आधी चौकशी करून जा.

शेवटी ओव्हल मैदान. किल्ल्याच्या तोफांपुढे मोकळं रान ठेवायचं म्हणून राखलेल्या जमिनीचा हा उरलेला तुकडा. आता तिथे एकाच वेळी क्रिकेटचे कितीतरी सामने चालतात. पूर्वेला १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, पश्चिमेला आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग. हा सगळा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. सकाळच्या उन्हात पश्चिमेकडची रांग उजळते, टॉवरवर मात्र ऊन यायला दुपार व्हावी लागते.

आता थोडं व्यवहाराचं. चालणं साडेतीन-चार किलोमीटरच आहे, पण मला साडेचार तास लागले. मे महिन्यात अकरानंतर घामाने जीव नकोसा होतो, म्हणून सातच्या आतच निघा आणि पाण्याच्या दोन बाटल्या जवळ ठेवा. कार्यालयं बंद असल्याने वाटेत स्वच्छतागृह मिळणं अवघड जातं, विशेषतः बायकांना. सीएसएमटीलाच जाऊन घ्या, नंतर भरवशाचं ठिकाण एकदम चर्चगेट स्टेशनच. सुट्टीला लोकल रविवारच्या वेळापत्रकाने धावू शकतात, आदल्या रात्री बघून ठेवा. आतल्या गल्ल्या सुट्टीला अगदी सुनसान असतात. मी एका गल्लीत शिरून परत फिरले आणि मोठ्या रस्त्यानेच गेले, एकटीने जाणाऱ्या इतरांनाही तेच सांगेन.

पुढची फेरी मी उलटी करणार आहे : दुपारी चारला चर्चगेटहून निघून, ऊन सीएसएमटीच्या दगडावर असतानाच तिथे पोचायचं.